तिसऱ्या तुकडीचं निळं निशाण

कुमासी, १२ जून

काका, नमस्कार.

तुमचं पत्र अटाच्या बसने शनिवारी मिळालं. पाकीट चार ठिकाणी डिंकाने चिकटवलेलं होतं आणि वर 'औषध' असं लिहिलं होतं. अटाने विचारलं, "काकांना काय झालंय?" मी म्हटलं, "माहीत नाही." हे खरं आहे.

मला समजलं ते असं. अकरा वर्षं तुम्हाला डावलल्यावर तुकडीचे प्रमुख सुपी म्बीर यांनी तुमचं नाव तिसऱ्या तुकडीच्या कप्तानपदासाठी पुढे केलंय. गावच्या तुकड्या आता लढाया करत नाहीत, तरी नव्या कप्तानाने नवं निशाण आणायचं असतं. कापडाचं निशाण कुणीही शिवून आणतो, म्हणून तुम्हाला हलणारं हवंय. आपल्या पोसुबानवर, तुकडीच्या देवस्थानाच्या देवडीवर, सिमेंटचं जहाज आहे, त्याच्या खिडकीत बसेल एवढ्या पडद्यावर. लाल जमीन, तिच्यावर पिवळा मासा पळवणारं पांढरं मांजर, मागे भुंकणारा निळा कुत्रा. लाल रंग आपला. निळा पहिल्या तुकडीचा, म्हणजे एबोमामांचा. मामा माझ्या आईचे सख्खे भाऊ आहेत, हे ठाऊक असून तुम्ही मलाच विचारलंत. काम करीन. कुत्र्याचं चित्र मात्र तुम्ही काढा.

फोन करायचा नाही ही अट मान्य. तुम्ही फोनवर बोलता तेव्हा किनाऱ्यावर जाळी ओढणारे थांबून ऐकतात, आणि निशाण सगळ्या तुकड्यांच्या ज्येष्ठांसमोर उघडेपर्यंत गुप्त राहायला हवं.

मी इथे धान्य वाळवण्याच्या यंत्रांवरचे छोटे पडदे चालवते. तुमचं काम तेच आहे. मक्याच्या ओलाव्याऐवजी कुत्रा. बोर्डावरची चिप फार लहान असते, तिच्यावर बसून कोड लिहिता येत नाही. कोड लॅपटॉपवर लिहायचा, तिथेच त्याचं चिपच्या भाषेत रूपांतर करायचं आणि केबलमधून चिपमध्ये उतरवायचा. ही सगळी हत्यारं आधी लॅपटॉपवर मांडून घ्यावी लागतात. सोबतच्या पेनड्राइव्हमध्ये ती क्रमाने ठेवली आहेत: रूपांतर करणारा कंपायलर, चित्रं काढणारी लायब्ररी आणि एक नकली पडदा. नकली पडदा म्हणजे लॅपटॉपवर उघडणारी छोटी खिडकी. बोर्ड नसतानाही निशाण तिथे फडकेल. आधी ते चालवा. बोर्ड आणि खरा पडदा पुढच्या आठवड्यात पाठवते.

क्रम मोडू नका. रेडिओ दुरुस्त करताना तुम्ही "साधारण तसंच केलंय" म्हणता, तसं इथे चालत नाही.

अराबा

---

अबोर-म्पोआनो, २४ जून

अगं माझ्या पोलिसीणबाई,

क्रम मोडला नाही. शाळेने भंगारात काढलेला लॅपटॉप मी दोन रेडिओंच्या बदल्यात घेतला. त्याचं 'क' हे बटण निघालेलं आहे, तिथे खिळ्याने दाबतो. तुझी हत्यारं एकेक करून आत घातली. कंपायलरने पहिल्याच दिवशी एकेचाळीस चुका दाखवल्या. मी एक अर्धविराम टाकला तर एकोणचाळीस गेल्या. असा न्याय आपल्या पंचांकडे असता तर मी केव्हाच कप्तान झालो असतो.

शेवटी खिडकी उघडली आणि निशाण फडकलं! मांजराची चाल अशी जमलीय की बघणाऱ्याला स्वतःच्या मडक्यातला मासा आठवावा. मी दुकानात एकटाच टाळ्या वाजवत होतो, तेवढ्यात तुझा मामा दारात. हातात बिघडलेला रेडिओ.

"काय चाललंय कोबिना?"

"हिशोब."

"तुझा हिशोब फडकतोय."

मी झाकण असं आपटलं की खिळा उडून त्याच्या रेडिओत गेला. आता तो रेडिओ खरोखर बिघडलाय. पण त्याने पाहिलं नसावं. पाहिलं असतं तर कुत्र्याबद्दल बोलला असता. एबोला स्वतःबद्दलचं काही ऐकू येत नाही असं कधी होत नाही.

तुझा मामा तुलाही काही विचारतो का गं? सहज आपलं.

बोर्ड आणि पडदा आले. पडदा देखणा आहे. पण केबल लावली की बोर्डावर दिवा लागतो आणि लॅपटॉप म्हणतो, इथे कुणीच नाही. दोघं शेजारी बसलेत आणि ओळख दाखवत नाहीत. आपल्याकडचे नातेवाईक दिसतात.

तुझा काका, अजून साधाच,
कोबिना

---

कुमासी, २८ जून

काका,

मामांशी माझं बोलणं तब्येतीपुरतं असतं.

केबल कुठून आणलीत ते लिहिलं नाहीत. फोन चार्ज करायची असणार. तिच्यात फक्त वीज नेणाऱ्या तारा असतात, म्हणून दिवा लागतो. निरोप नेणाऱ्या तारा नसतात, म्हणून लॅपटॉपला बोर्ड दिसत नाही. सोबत योग्य केबल आहे. तिला मी लाल दोरा बांधलाय. दुसरी वापरू नका.

ती लावल्यावर लॅपटॉप म्हणेल की बोर्ड दिसतोय, पण तुम्हाला परवानगी नाही. हा बिघाड नाही. ते दार एका ठरावीक गटातल्या माणसांनाच उघडतं आणि तुमचं नाव त्या गटात नाही. नाव घालायची ओळ मागच्या पानावर लिहिली आहे, तशीच्या तशी टाइप करा. नाव घातल्यानंतरही परवानगी लगेच मिळत नाही. एकदा पूर्ण बाहेर पडून परत आत यावं लागतं.

आणखी एक. चिपची स्मृती इतकी कमी आहे की अख्खं निशाण तिच्यात एका वेळी मावत नाही. ती चोवीस-चोवीस ओळींच्या दहा पट्ट्यांमध्ये ते रंगवते. पट्ट्या दिसल्या तर घाबरू नका आणि काही बदलू नका.

अराबा

---

अबोर-म्पोआनो, १७ जुलै

अराबा बाळ,

म्हणजे लॅपटॉपसुद्धा मला गटात घेत नव्हता! अकरा वर्षं तुकडी म्हणते, "कोबिना तिरडीसमोरही विनोद करील, त्याला कशाला कप्तान," आणि आता हे भंगारही तेच म्हणतं. पण तुझ्या एका ओळीत घेतलं हो. बाहेर जाऊन परत आत आलो. मी अंगणात जाऊन आलो होतो. मग कळलं की लॅपटॉपमधून बाहेर पडायचं होतं.

केबल केशकर्तनवाल्या एफेची होती, तुला कसं कळलं?

आपल्या तुकडीच्या ज्येष्ठांना दुकानाचं दार लावून लॅपटॉपवरच दाखवलं. सुपी म्बीर गुडघा दुखतो म्हणून दोन वर्षं मिरवणुकीत चालले नाहीत. कुत्रा भुंकला तसे ते उठून नाचले. मग हळूच म्हणाले, "कोबिना, हे चुकलं तर मी परत तुझं नाव घेणार नाही. माझं वय नाही आता." हसत नव्हते गं.

दिवस ठरला: ८ ऑगस्ट, मंगळवार. मंगळवारी समुद्रात कुणी जात नाही, म्हणजे झाडून सगळे असणार. तिन्ही तुकड्यांचे मुख्य तुफुहेने, त्यांच्या अंगणात, सगळ्या ज्येष्ठांसमोर उघडायचं. निशाणाची जमीन दुसऱ्याच्या रंगाची निघाली तर दंड एक मेंढा, आणि कप्तानपद गेलं ते गेलंच. तुझ्या बाबांच्या वेळी एका हातभर निळ्या चिंधीवरून डोकी फुटली होती, ती आठवण अजून ताजी आहे.

बोर्डावरही सगळं छान चाललंय.

जाता जाता एक. माझा एक मित्र आहे, तुझ्या ओळखीचा नाही. समज, त्याचा पिवळा मासा खऱ्या पडद्यावर आकाशी दिसायला लागला. तर त्याने काय करावं? ऊन लागलं असेल का?

कोबिना

---

कुमासी, ३ ऑगस्ट

काका,

उत्तराला उशीर झाला. यंत्रं बसवायला दोन आठवडे तामालेला होते, तुमचं पत्र काल हाती आलं.

पडद्याला ऊन लागून रंग बदलत नाही. तुमच्या मित्राचा पिवळा मासा आकाशी झाला असेल, तर त्याची लाल जमीन निळी झाली असणार आणि निळा कुत्रा लाल. हे त्याने तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही.

कारण साधं आहे. पडद्याला प्रत्येक ठिपक्याचा रंग तीन भागांत कळवतात: लाल, हिरवा, निळा. काही पडद्यांमध्ये हा क्रम उलटा असतो, निळा आधी आणि लाल शेवटी. मग लाल आणि निळा जागा बदलतात. हिरवा, पांढरा आणि काळा तसेच राहतात. लॅपटॉपवरची खिडकी नकली असल्यामुळे तिथे हे कळत नाही.

उपाय एक ओळ आहे. सेटिंगच्या फाइलमध्ये चौदाव्या ओळीत शून्य आहे, त्याचा एक करा. परत रूपांतर, परत चिपमध्ये उतरवा. मग तीन चौकोन काढून बघा: लाल, हिरवा, निळा. याच क्रमाने दिसले तरच निशाण दाखवा.

यापूर्वी तुम्ही दुसरं काही बदललं असेल तर हे करण्याआधी मला कळवा. वेळ नसेल तर एफेच्या फोनवरून कळवा. हळू बोला.

अराबा

---

अबोर-म्पोआनो, ९ ऑगस्ट

अराबा,

आज विनोद नाही. एखादा आलाच तर तो माझ्या सवयीचा दोष.

तुझं पत्र सोमवारी संध्याकाळी सहाला आलं. त्याआधी चार वाजता सुपींनी निशाणाच्या पेटीवर दारूची धार धरली होती, पूर्वजांची नावं घेतली होती आणि पेटी कापडात गुंडाळून दोरीने बांधली होती. एकदा बांधली की तुफुहेनेंसमोरच सुटते. आतला पडदा बघणं अशक्य. पण केबलचं शेपूट बाहेर लोंबत होतं.

आता ऐक. रागावू नकोस. म्हणजे रागाव, पण ऐक. तुझं पत्र येत नव्हतं, म्हणून २२ जुलैला मी माझ्या अकलेने दुरुस्ती केली होती. चित्रातच रंगांची अदलाबदल केली. जमीन निळी रंगवली, कुत्रा लाल. पडद्याने उलटवलं की आपोआप सुलट. बघितलं, सुरेख दिसत होतं. तुला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर आधी बिघडलं होतं हेही कळवावं लागलं असतं.

मग सोमवारी तुझी चौदावी ओळ आली. मला वाटलं, शिकलेल्या मुलीने सांगितलंय, तीही घालावी. दोन औषधं घेतली की दुप्पट बरं वाटेल. बांधलेल्या पेटीच्या शेपटातून ती आत सोडली आणि निवांत झोपलो.

मंगळवारी सुपींनी दोरी सोडली. मी बटण दाबलं. निळी जमीन, तिच्यावर मासा घेऊन चाललेलं मांजर आणि मागे भुंकणारा लाल कुत्रा. तिसऱ्या तुकडीचा नवा कप्तान तिसऱ्या तुकडीलाच कुत्रा करून दाखवतोय.

मग तुझा मामा उठला.

"नाना," तो तुफुहेनेंना आदराने म्हणाला, "निशाण सुंदर आहे. आमचंच आहे. कुत्राही ओळखीचा वाटतोय. सुपी म्बीर, जरा बाजूने उभे राहता का, बघू दे?"

पहिली तुकडी हसून हसून बाकांवरून घसरली. सुपी उभे राहिले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

एबोने मेंढा मागितला. तुफुहेनेंनी मला विचारलं, "चूक, की मुद्दाम?" मुद्दाम म्हणावं तर आपल्याच तुकडीचा अपमान. चूक म्हणावी, तर ज्याला स्वतःचं निशाण सांभाळता येत नाही तो कप्तान कसला? मी म्हणालो, "नाना, माझ्या पुतणीला विचारावं लागेल." पुढच्या मंगळवारपर्यंत मुदत मिळाली.

तुझ्यावर ढकललं, हे मला कळतंय.

कोबिना

---

कुमासी, १२ ऑगस्ट

काका,

सोबतचं बंद पाकीट तुफुहेनेंच्या हाती द्या. तुम्ही उघडू नका. तुम्ही उघडाल हे गृहीत धरून आत दुसरं पाकीट आहे.

अराबा

---

(आतलं पत्र)

तुफुहेने आणि तिन्ही तुकड्यांचे ज्येष्ठ यांना, कुमासीहून अराबा एस्सुमान हिचा नमस्कार.

विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देते. जूनमध्ये मी या कामासाठी दोन पडदे घेतले. दोन्हींच्या खोक्यांवर एकच नाव आणि एकच क्रमांक होता. एक मी तपासला आणि माझ्याजवळ ठेवला. दुसरा न तपासता गावी पाठवला. त्यात रंगांचा क्रम उलटा होता.

कोबिना एस्सुमान यांनी त्यावर एक दुरुस्ती केली. ती बरोबर होती. मी पत्राने दुसरी सांगितली. तीही बरोबर होती. दोन्ही एकत्र झाल्या तेव्हा त्यांनी एकमेकींना खोडून काढलं आणि मूळ दोष परत आला. पेटी रीतीप्रमाणे बांधलेली होती, म्हणून तो कुणाला दिसू शकला नाही.

मूळ दोष माझा आहे. ३ ऑगस्टच्या पत्रात मी 'काही पडद्यांमध्ये' असं लिहिलं. 'मी न तपासलेल्या पडद्यामध्ये' असं लिहायला हवं होतं. ते लिहिलं नाही, कारण मला ते लिहायचं नव्हतं.

कप्तानपदाच्या उमेदवाराने आपल्या तुकडीचा अपमान केलेला नाही आणि दुसऱ्या तुकडीचा रंग चोरलेला नाही. दंड लागत असेल तर तो रीतीप्रमाणे माझ्या कुटुंबाकडून घ्यावा.

अराबा एस्सुमान

---

अबोर-म्पोआनो, १६ ऑगस्ट

अगं अराबा, अगं अराबा, अगं अराबा!

पहिलं पाकीट मी उघडलं. दुसरं दिसलं तेव्हा लाज वाटली आणि थांबलो. म्हणजे दिव्यासमोर धरून बघितलं, पण काही दिसलं नाही.

काल अंगणात कारकुनाने तुझं पत्र मोठ्याने वाचलं. 'मला ते लिहायचं नव्हतं' हे वाक्य आलं तेव्हा बायकांच्या बाजूने कुणीतरी म्हणालं, "ही खरंच कोबिनाची पुतणी? खरं बोलते!"

वाचून संपलं. तुफुहेनेंनी बराच वेळ काठी जमिनीवर आपटली. मग म्हणाले, "मुलीची तुकडी बापाची, म्हणजे तिसरी. पण माणसाचा दंड तुकडी भरत नाही, कुटुंब भरतं. आणि कुटुंब आईचं. हिच्या आईच्या कुटुंबाचा प्रमुख कोण?"

सगळं अंगण एबोकडे बघत होतं. एबो आंब्याच्या झाडाकडे बघत होता.

"एबो तांदो, मेंढा कुणी मागितला?"

"मी, नाना. पहिल्या तुकडीसाठी."

"आणि देणार कोण?"

"...मीच, नाना."

"मग घरी जा, तुझा मेंढा सोड आणि तुलाच आणून दे. आम्ही थांबतो."

हसू कुठून फुटलं माहीत नाही. पहिली तुकडीच आधी हसली बहुतेक. एबो उठला. तुझा मामा आहे म्हणून सांगतो, माणूस पडतो तोही दिमाखात. म्हणाला, "नाना, मुलगी लिहिते की दोन्ही दुरुस्त्या बरोबर होत्या. दोन बरोबर गोष्टींना दंड कसा लावायचा? मी तक्रार मागे घेतो."

"घे," तुफुहेने म्हणाले, "पण आता कुत्रा निळाही नको आणि लालही नको. काळा कर."

तिथल्या तिथे, सगळ्यांच्या देखत, तुझी चौदावी ओळ ठेवली, चित्रातले माझे रंग मूळचे केले, कुत्रा काळा केला आणि आधी तीन चौकोन दाखवले. लाल, हिरवा, निळा. मग निशाण. लाल जमीन बघून सुपी म्बीर रडले. मग माझ्या डोक्यावर कप्तानाच्या मानाची पांढरी पावडर टाकली आणि म्हणाले, "कप्तान, नाक पूस."

कप्तान, अराबा.

काळ्या कुत्र्यावर आता कुणाचाच हक्क नाही. भुंकताना तो डोकं डावीकडे टाकतो, एबोसारखं. त्याला रंग लागत नाही.

आता खरं सांग. ते पत्र तू खरं म्हणून लिहिलंस, की मामाला कात्रीत धरायला?

कप्तान कोबिना एस्सुमान

---

कुमासी, १९ ऑगस्ट

कप्तान काका,

अभिनंदन. हा शब्द मी दोनदा लिहून खोडला आणि तिसऱ्यांदा ठेवला.

पत्रात जे लिहिलं ते सगळं खरं होतं. दंड कुणाच्या माथी येतो ही रीत मी केलेली नाही. मला ती माहीत होती, एवढंच. तुम्ही विचारलेल्या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

सणासाठी २६ तारखेला येते. पहिलं जेवण मामांकडे. मामींनी कळवलंय की त्या मंगळवारी सकाळीच मामांनी त्यांच्याकडून मेंढ्याच्या रश्शासाठी मिरची वाटून घेतली होती. तेव्हापासून त्या दोघांत बोलणं नाही.

तक्रार मागे घेतली म्हणून माझी चूक मागे जात नाही. मी इथून एक मेंढा घेतलाय. अटाने त्याला बसच्या टपावर न्यायचं कबूल केलंय. अर्धा मामांच्या अंगणात शिजेल, अर्धा तुमच्या. वाटे करताना दोघांनी समोर उभं राहायचं आणि कुणी बोलायचं नाही.

त्याच्या गळ्यात मी काळी दोरी बांधली आहे.

अराबा